पगली वाजलीच नाही

"पगली काऊन नाही वाजवली, हेच इचारून राह्यले साहेब." बाबांनी मेमो माझ्यासमोर सरकवला. "लिव उत्तर. तुहं अक्षर मस्त हाय."

पगली म्हणजे जेलची धोक्याची घंटा. ती वाजली की सगळे शिपाई लाठ्या घेऊन बराकीवर धावतात. माझे बाबा, रत्नपाल, एकोणीस वर्षं तिरोड्याहून रेल्वेनं शेजारच्या जिल्ह्यातल्या जेलात शिपाई म्हणून जातात. यंदा हवालदारकी नक्की होती आणि नेमका हा मेमो!

मी नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली. मेमोला उत्तर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! झोकात 'महोदय' लिहिलं आणि म्हटलं, "आता सगळं सांगा."

"सांगायले का हाय? जेवणाची वेळ. दीडशे थाल्या, आन आवाजच नाही."

बराक भांडत असली तर घाबरू नये, गप्प झाली की घाबरावं, असं बाबा म्हणतात. त्या दुपारी सगळ्यांनी थाळ्या पालथ्या घातल्या होत्या. मागच्या रांगेतले दोघंतिघं झोपायच्या ओट्याच्या विटा उकरत होते. सोबतचा शिपाई छोटेलाल घंटेकडे धावला. "रत्नपालभाऊ, मैं खींच रहा हूँ!"

बाबांनी त्याचा हात धरला. "पाच मिनिट थांब बे."

लाठी त्याच्याकडे देऊन ते आत गेले, रांगेत मांडी घालून बसले आणि समोरची थाळी सुलटी केली. "वाढ."

एकच घास. धानाच्या मुलखातल्या माणसाला कुजका तांदूळ एका घासात कळतो, आणि आतले निम्मे लोक धान लावणारेच. बाबांनी तो थुंकला नाही, गिळला. "हा तं बैलबी नाही खाणार. तुमचं खरं हाय." तीच थाळी त्यांनी उचलून नेऊन मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. मग नवा भात शिजेपर्यंत पुन्हा आत जाऊन बसले. विटा हळूहळू जागेवर गेल्या.

मी चार पानं लिहिली. शौर्य, प्रसंगावधान, शेवटी कविता!

बाबा ऐकून हसले. "हे भाषण झालं बाई. नियम तं मी मोडलाच ना. लाठी सोडून आत नाही जात."

"पण बाबा, घंटा वाजली असती तर?"

"डोकी फुटली असती. तेवढंच लिव."

मग तेवढंच लिहिलं. 'भात कुजका होता. माणसं भुकेली होती. घंटा वाजवली असती तर डोकी फुटली असती. नियम मोडला, हे मान्य.' खाली बाबांची सही.

पंधरा दिवसांनी आदेश आला. हवालदारकी एक वर्ष पुढे.

मी पाय आपटून रडले. "खरं लिहून काय मिळालं?"

"दीडशे माणसं जेवली. छोटेलालचं डोकं शाबूत हाय," बाबा म्हणाले. "आत काही नाही तेच्या, पण हाय तं सही!"

रडता रडता मला हसूच फुटलं. बाबाही हसत आंघोळीला गेले.

आईनं हवालदाराची तीन पट्ट्यांची फीत आधीच आणून ठेवली होती. ती तिनं कागदात गुंडाळून पेटीत टाकली. मग बाबांचा खाकी शर्ट पसरला, आणि फीत लागली असती त्या बाहीवरून दोनदा इस्त्री फिरवली.