ऑइल पंपाची जाळी

"पंपात तेल न भरताच बसवलास ना? बोल!" म्हणत आमच्या मिस्त्रींनी बावीस नंबरचा पाना माझ्या भावाच्या उजव्या हातावर हाणला. हात टॅक्सीच्या मडगार्डवर टेकलेला होता. हाड मोडल्याचा आवाज मला पलीकडच्या टेबलापाशी ऐकू आला.

"भरलं होतं, दाजी," भाऊ एवढंच म्हणाला आणि हात पोटाशी धरून खाली बसला.

पाच मिनिटांपूर्वी मिस्त्रींनी भर रस्त्यात टॅक्सीवाल्याकडून थोबाडीत खाल्ली होती. आठवड्यापूर्वी आमच्याकडून नवा ऑइल पंप बसवून नेलेली टॅक्सी दोरीनं ओढत परत आली होती. हायवेवर तेलाचा लाल दिवा लागला, इंजिन खडखडलं आणि जागच्या जागी जाम झालं. मागून ट्रकनं धडक दिली. टॅक्सीवाल्याची बायको शेजारीच बसली होती, तिचा खांदा निखळला.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस, पण राग नाकाच्या शेंड्यावर आणि हात कायम उगारलेला. मारणाऱ्याला उलट मारायची छाती नाही, मग वड्याचं तेल वांग्यावर. बावीस वर्षं ते वांगं मी होते. त्या दिवशी भाऊ झाला.

"पंप यानंच बसवलाय," मिस्त्रींनी टॅक्सीवाल्याला सांगून टाकलं.

"चारला येतो माझ्या भावांना घेऊन," टॅक्सीवाला म्हणाला. "हा नसला इथं, तर घरातून ओढून काढू."

दवाखान्यात कळलं, दोन बोटं मोडलीत. पुन्हा वळतील का, असं विचारल्यावर डॉक्टर "बघू" म्हणाले. भावानं लग्न केलं नाही, एकटाच राहतो. त्याला त्याच्या खोलीवर सोडून मी गॅरेजमध्ये परतले.

"चेंबर उघडा," मी म्हणाले.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"बावीस वर्षं तुमची बडबड ऐकतेय. पंप कोरडा फिरला असेल तर दात्यांवर ओरखडे दिसतील. दाखवा मला ते ओरखडे."

कुरकुरत का होईना, ते गाडीखाली शिरले. इंजिनाच्या तळाला तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. ते उतरवलं, पंप सोडवला. दाते तेलानं चकचकत होते, एक चरा नव्हता. चेंबरमधून तेल ओढणारी नळी असते, तिच्या तोंडाशी जाळी असते. ती त्यांनी दिव्याखाली धरली. जाळी काळ्या, रबरासारख्या तुकड्यांनी गच्च बुजली होती.

ते तुकडे कसले, हे मलाही कळलं. चेंबर बसवताना तेल गळू नये म्हणून कडेला काळी पेस्ट लावतात. भाऊ बारीक रेघ ओढतो. मिस्त्री बोटाएवढी जाड थापतात. "माझ्या गॅरेजमधून गेलेली गाडी तेलाचा थेंब गाळत नाही," ही त्यांची जुनी मिजास. जास्तीची पेस्ट आत दबली, वाळली, तुटली आणि जाळीत जाऊन बसली. पंपापर्यंत थेंब थेंब तेल पोचत राहिलं, इंजिनाला ते पुरलं नाही. पंप भावानं बसवला होता, पण चेंबर मिस्त्रींनी स्वतः. "दाजी, पेस्ट जास्त होतेय," असं तो म्हणालाही होता. माझ्यासमोरच मिस्त्रींनी त्याला गप्प बसवलं होतं.

मिस्त्रींनी तुकडे खरवडून मुठीत घेतले. "हे कुणाला बोलायचं नाही."

"आणि तो?"

"त्याचा हात तर गेलाच. आता माझं नाव कशाला घालवायचं?"

मी त्यांच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी पाना उचलला, माझ्या डोक्यावर धरला.

"मारा," मी म्हणाले. "आणि चारला त्यांना सांगा, पंप हिनंच बसवला होता."

पाना खाली आला, पण माझ्यावर नाही. त्यांनी तो जमिनीवर टाकून दिला.

चारला टॅक्सीवाला दोन भावांना घेऊन आला. एकाच्या हातात लोखंडी गज होता. "कुठाय तुझा मेव्हणा?"

मिस्त्रींनी मूठ उघडली. "त्याचा दोष नाही. पंप चांगला होता. चेंबर मी लावलं, ही माझी पेस्ट आहे."

पहिला फटका गुडघ्यावर बसला, दुसरा पाठीवर. मिस्त्रींनी हात उचलला नाही, तोंडही झाकलं नाही. खरं सांगते, पहिल्या दोन फटक्यांना मला बरं वाटलं. तिसऱ्याला त्यांच्या तोंडातून रक्त आलं तेव्हा मी किंचाळत मध्ये पडले आणि ते थांबले.

दिवस मावळायच्या आत आम्ही भावाच्या खोलीवर गेलो. जिना चढताना मिस्त्री दोनदा खाली बसले. दारातच म्हणाले, "तू पंप बरोबर बसवला होतास. माझ्या पेस्टनं जाळी बुजली. चुकलो मी."

भावानं त्यांच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. "बसा, दाजी," म्हणाला आणि डाव्या हातानं पाणी दिलं. त्यांनी उभ्यानंच पिऊन भांडं खाली ठेवलं.

"चल," ते मला म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे."

"कधी येशील?"

"ठरवलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. नेहमीसारखे ओरडतील असं वाटलं होतं. पण भिंत धरून, एकेक पायरी करत ते उतरून गेले.

मी दार लावलं. भाऊ सकाळच्याच शर्टात बसला होता, एका हातानं त्याला बटणं सुटत नव्हती. मी जवळ बसून ती एकेक करून सोडवली.