मिस्त्रींच्या हातातली काठी

मी एक काठी. ना चांदीची मूठ, ना नक्षी. तरीही माझा तोरा कमी नाही, कारण मी मिस्त्रींच्या हातात आहे.

एका मोडक्या पलंगाच्या दांडीतून सुताराने मला घडवलं. मिस्त्रींच्या बायकोने मला घरी आणलं तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. मिस्त्री गवंडी. कामावरची भिंत कोसळली आणि ते नि त्यांचा जोडीदार खाली गाडले गेले. जोडीदार गेला. मिस्त्री वाचले, पण एक पाय कायमचा अधू झाला.

मला धरून ते पहिल्यांदा उभे राहिले आणि थेट प्रार्थनाघराकडे निघाले.

शेजारी म्हणाला, "पाय गेला, आणि तुम्ही देवाचे आभार मानायला निघालात?"

"त्या ढिगाऱ्याखाली माझी हाक कुणालाच ऐकू येत नव्हती," मिस्त्री म्हणाले. "त्याला येत होती. आई लेकराला धरते तसं त्याने मला धरून ठेवलं. एवढी माया माझ्यावर दुसऱ्या कुणी केली नाही. जोडीदाराला का नेलं, ते मला कळत नाही. भेटल्यावर विचारीन."

मग चौकशी लागली. कंत्राटदार घरी आला. घर कसलं, त्याचीच खोली ती.

"जोडीदाराच्या हलगर्जीपणामुळे भिंत पडली, एवढंच सांगा. खोली तुमच्या नावावर करतो. नाहीतर रिकामी करा."

"साहेब, सिमेंट कमी पडतंय हे त्यानेच तुम्हाला सांगितलं होतं. आणि तिथे देवाच्या नावाने शपथ घ्यायची आहे."

"सगळेच घेतात."

"घेत असतील. माझं त्याच्याशी नातं आहे."

कंत्राटदार गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, पोरीला घेऊन जायचं कुठे?" माझ्यावरचा मिस्त्रींचा हात घामाने ओला झाला होता. मग तीच उठली आणि फळीवरची भांडी काढून गाठोड्यात बांधायला लागली.

चौकशीच्या दिवशी अधिकारी म्हणाले, "बसूनच शपथ घ्या."

"हे नाव बसून घेणार नाही, साहेब."

सगळा भार माझ्यावर टाकून ते उभे राहिले आणि घडलं तसं सगळं सांगितलं. तेवढा वेळ मी जराही हलले नाही. त्या दिवसाइतकी ताठ मी पुन्हा कधी उभी राहिले नसेन. जोडीदारावरचा ठपका पुसला गेला. आमची खोली मात्र गेली.

आता आम्ही इस्त्रीवाल्याच्या मागच्या खोलीत राहतो. भाजतं फार, पण पोरगी म्हणते, कपडे आपोआप वाळतात. माझं टोक झिजलंय. तरी प्रार्थनाघराची वाट चुकलेली नाही.

जोडीदाराच्या आईने मुलगा गेल्यापासून देवाशी बोलणं टाकलं होतं. चौकशीनंतरच्या आठवड्यात ती दारात येऊन उभी राहिली. मिस्त्रींचा मोकळा हात धरून म्हणाली, "चल बाबा. मलाही त्याच्याशी भांडायचंय."

तेव्हापासून आम्ही तिघं जातो. रस्त्यात दिसलो, तर कितीही घाई असली तरी जरा वाट द्या. आम्ही हळू चालतो, पण रोज जातो.