छप्पर उघडणारे मंदिर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी प्रतिकृती आहे. एका मंदिराची. उभी राहिले तर माझा मनोरा तुमच्या गुडघ्याला लागेल, एवढीच माझी उंची. माझे छप्पर उचलून बाजूला ठेवता येते, आणि माझ्या आयुष्यातल्या बहुतेक काळज्या त्या छपरापासूनच सुरू झाल्या. कुणी माझ्याकडे हात पुढे केला की अजूनही मला धस्स होते.

दोन हजार पाच साली नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरात मी घडले. तिथे इमारतींच्या प्रतिकृती बनवणारी एक लहानशी कार्यशाळा होती. मला घडवणारी वसुधा पुण्याची, शिकलेली वास्तुरचनाकार. नवरा उल्हास आर्नहेमच्या एका वीज कंपनीत नोकरीला आला, त्याच्यामागोमाग तीही आली, आणि वर्षभराच्या करारावर तिला या कार्यशाळेत काम मिळाले. तो करार महिनाअखेरीला संपणार होता. पुढे वाढेल की नाही, याची चिंता तिच्या बोटांतून मला कळायची. कानस चालवताना ती मध्येच थांबायची आणि दाराकडे बघायची.

झूटरमेर गावात एक प्रदर्शन भरणार होते. गावातली सगळी प्रार्थनास्थळे लहान रूपात एका सभागृहात मांडायची होती. त्यातले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मंदिर वसुधाच्या वाट्याला आले. मूळ मंदिर दोन हजार दोन साली उघडले. फिकट दगडाच्या भिंती, एकच निमुळता मनोरा, आणि टोकावर तुतारी फुंकणारा सोनेरी देवदूत. या लोकांची रविवारची प्रार्थना दुसरीकडे, साध्या चर्चमध्ये होते. मंदिर निराळ्या विधींसाठी असते. देवाला अर्पण करण्याच्या विधीपूर्वी काही दिवस ते सर्वांना आतून पाहता आले. त्यानंतर आत जायची मुभा फक्त त्या पंथातल्या, तशी अनुमती मिळालेल्या माणसांना. वसुधा या देशात आली दोन वर्षे उशिरा.

ती बागेत उभी राहून पावलांनी भिंती मोजायची, फोटो काढायची. तिथेच तिला हेनीबाई भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, त्याच पंथाच्या. तीन दिवस त्यांनी दुरून पाहिले आणि चौथ्या दिवशी विचारले,

"काय मोजतेस गं रोज?"

वसुधाने मोडक्यातोडक्या डचमध्ये सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी हेनीबाईंनी तिला एक पुस्तिका आणून दिली. मंदिर सर्वांसाठी खुले होते त्या दिवसांतली. त्यात आतल्या खोल्यांचे फोटो होते. बाकावर बसून त्या एकेका फोटोवर बोट ठेवत सांगू लागल्या. बारा बैलांच्या पाठीवर तोललेले पाण्याचे मोठे कुंड, तीन तीन बैल चारी दिशांना तोंड करून. एक पांढरीशुभ्र खोली, जिथे कुणी बोलत नाही, नुसते बसायचे. आणि समोरासमोर आरसे लावलेली लग्नाची खोली. दोघांनी त्यात पाहिले की दोघांच्या मागे पुन्हा दोघे, त्यांच्या मागे पुन्हा दोघे, शेवटच नाही.

"आमच्या वेळी इथे काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "छप्पन साली मी आणि माझा नवरा आरी बसने स्वित्झर्लंडला गेलो होतो. बर्नच्या मंदिरात, लग्नगाठ कायमची बांधून घ्यायला. एक रात्र आणि एक दिवस बसमध्ये. आमचं बाळ मांडीवर. आता मंदिर घराजवळ आलं, तर आरीला नेता येत नाही. त्याला काही आठवत नाही. शुश्रूषागृहात असतो. दिवसभर एकच विचारतो, बस आली का?"

वसुधाला फक्त माझे बाहेरचे रूप करायचे होते. काम तेवढेच ठरले होते. पण त्या दिवसानंतर तिने कुणालाही न विचारता माझे छप्पर सुटे केले आणि आतल्या खोल्या करायला घेतल्या. चिमट्यात धरून बारा बैल कोरले. नखाएवढे दोन आरसे समोरासमोर बसवले. ती भिंत चिकटवताना तिने श्वास रोखून धरला होता.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना कार्यशाळेचे मालक बेर्ट यांनी माझे छप्पर उचलले.

"हे कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारले.

"कुणीच नाही," वसुधा म्हणाली.

"ते लोक दुखावले तर? त्यांच्यासाठी ती जागा पवित्र आहे. त्यांना विचारल्याशिवाय ही इथून हलणार नाही."

घरी फोन केला तर उल्हासही वैतागला. "अगं, बाहेरून करायचं होतं ना? आत कशाला शिरलीस? महिनाअखेर जवळ आलीये, माहितीये ना तुला?"

"माहितीये," एवढेच ती म्हणाली, आणि तिने माझ्यावर कापड टाकले. त्या कापडाखाली मला वाटत राहिले, आता माझ्या खोल्या उपसून टाकणार. बैल तर सहज निघाले असते.

दुसऱ्या दिवशी वसुधाने बोलावले म्हणून हेनीबाई कार्यशाळेत आल्या. बेर्ट दाराशी उभे, वसुधा माझ्याजवळ. बाईंनी चष्मा लावला आणि छप्पर काढायला सांगितले. किती तरी वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"या बैलांच्या पाठीवर हे उंचवटे कसले?"

वसुधा गोरीमोरी झाली. आमच्याकडच्या बैलांना वशिंड असतं, ती म्हणाली. बैल म्हटला की तिच्या हाताला तोच ठाऊक होता.

हेनीबाई हसल्या. "राहू देत," म्हणाल्या. मग हळूच पुढे बोलल्या, "तू वाईट काही केलं नाहीस. पुस्तिकेत आहे तेवढंच आहे हे. मी आमच्या मंडळींशी बोलेन. पण गर्दीत लोकांनी यात बोटं घालावीत, असं मला वाटत नाही. प्रदर्शनात छप्पर बंद ठेव. आणि त्याआधी एकदा... आरीला दाखवशील?"

रविवारी दुपारी उल्हासने गाडी चालवली आणि वसुधाने मला मांडीवर धरले. प्रत्येक वळणावर माझा मनोरा काचेला लागेल, अशी भीती तिला वाटत होती आणि मलाही.

आरीकाका खिडकीशी बसले होते. अंगात कोट, पायात बूट, निघायच्या तयारीत.

"बस आली का?" त्यांनी उल्हासला विचारले.

हेनीबाईंनी मला त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवले आणि छप्पर काढले. काकांनी बैल पाहिले, पांढरी खोली पाहिली. मग ते आरशांच्या खोलीवर वाकले. छोट्याशा आरशात त्यांना आपला डोळा दिसला, त्यामागे आणखी एक, त्यामागे आणखी.

"किती जण आहेत इथे!"

"सगळे आपणच," हेनीबाई म्हणाल्या.

"हे बर्न?"

"नाही, आरी. हे आपल्या गावातलं. घरापासून जवळ."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "मग बस लागणार नाही?"

"नाही लागणार."

काकांच्या कपाळावरची आठी सुटली. अजून जवळून बघावे म्हणून ते पुढे सरकले, आधाराला काही तरी हवे म्हणून त्यांनी मुठीत माझा मनोरा धरला, आणि तो कडकन मोडला.

वेदनेपेक्षा मला त्यांच्या चेहऱ्याचे भय वाटले. हातातल्या तुकड्याकडे बघत ते लहान मुलासारखे रडवेले झाले. "मी मोडलं. हेनी, मी मोडलं."

प्रदर्शन मंगळवारी होते. वसुधाने मोडलेल्या बुंध्याकडे एकदा पाहिले. पण ती त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, त्यांच्या मुठीतून तो तुकडा अलगद घेतला आणि म्हणाली, "नाही काका, तो निघतोच तसा. न्यायला सोपं जावं म्हणून."

"निघतो?"

"हो. बघा, मी परत बसवते." आणि तिने तो नुसता टेकवून, हाताने धरून ठेवला. काका शांत होईपर्यंत.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने मनोऱ्याला बारीक भोक पाडून आत पितळी तार घातली. उल्हास बॅटरी धरून उभा होता. सकाळी तिने बेर्टना सगळे खरे सांगितले. त्यांनी सांध्यावरून नख फिरवले आणि म्हणाले, "हा सांधा दिसत नाही. असं काम करणारं माणूस मला हवंय." करार वाढला.

प्रदर्शनात माझे कौतुक झाले. अ‍ॅमस्टेलव्हीनहून काही मराठी कुटुंबेही आली होती. छप्पर स्क्रूने बंद होते. आत काय आहे, कुणालाच कळले नाही.

मग मात्र कार्यशाळेचा पोटमाळा. दोन हिवाळे मी धुळीत काढले. दमट हवेने माझी एक भिंत फुगली. आरीकाका गेल्याचे मला तिथेच कळले, खालून आलेल्या वसुधाच्या बोलण्यातून. पुढे कार्यशाळा लहान जागेत जायची ठरली, आणि टाकून द्यायच्या वस्तूंवर लाल कागद चिकटवले गेले. माझ्यावरही एक चिकटला. कचऱ्याची गाडी शुक्रवारी येणार होती. मी दिवस मोजत होते. गुरुवारी वसुधा वर आली, लाल कागद खरवडून काढला आणि मला खाली नेले. बेर्टना विचारून तिने हेनीबाईंना फोन केला होता.

आता मी त्याच शुश्रूषागृहाच्या दिवाणखान्यात आहे. हेनीबाईही तिथेच राहतात. स्क्रू त्यांनीच काढायला लावले. "इथल्या माणसांनी बोटं घातली तर चालतील," म्हणाल्या. थरथरते हात दिवसभर माझ्यात फिरतात. दोन बैल हरवले आहेत. ओल्या फडक्याने पुसल्याने दगडाचा रंग उडाला आहे. रोज सकाळी मला वाटते, आज काही तरी मोडणार. आणि अलीकडे हेनीबाई आरशांच्या खोलीचे वर्णन सांगता सांगता मध्येच थांबतात, शब्द शोधत राहतात. तेव्हा माझ्या काळजीला वेगळेच वळण लागते.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. मला पुसायला आलात तर कोरडे फडके आणा, हात हलका ठेवा. पण माझ्याशेजारी कुणी बसलेले असेल, तर फडके खाली ठेवा. आधी त्यांचे बोलणे पूर्ण होऊ द्या. माझी धूळ उद्याही पुसता येईल.