उलटी उत्तरं

बाबांनी वर्तमानपत्र वाचणं सोडलं त्याला दोन वर्षं झाली. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, घरीसुद्धा हातात पेन्सिल घेऊनच वाचायचा. मग अक्षरं दिसेनाशी झाली. पण तसं कबूल करतील तर ते बाबा कसले! "हल्ली शाई फिकी वापरतात," म्हणाले आणि अंक बंद केला. चष्म्यानं भागणार नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनाही शाईबद्दलच ऐकवून आले. पडले तरी नाक वर. तेव्हापासून सकाळी ते नुसतेच खिडकीशी बसत आणि ते बघून माझा जीव तुटायचा.

मी त्याच वर्तमानपत्रात पानं लावते. आमचा अंक आता ई-रीडरवरही निघणार होता. चाचणीचा अंक मी त्या वाचायच्या यंत्रावर घरी आणला, अक्षर चांगलं टपोरं केलं आणि त्यांच्यापुढे धरला.

"नव्याचे नऊ दिवस," बाबा म्हणाले. "ज्यात भाजी गुंडाळता येत नाही ते कसलं वर्तमानपत्र?"

मीही त्यांचीच मुलगी, शब्दाला शब्द वाढला असता. यंत्र टेबलावर ठेवलं आणि धुसफुसत धुणं-आंघोळ उरकायला गेले.

तासाभरानं बाहेर आले तर आई तोंडावर हात धरून दारात उभी. बाबा पलंगावर उताणे, डोकं काठावरून खाली लोंबतंय आणि दोन्ही हातांत यंत्र.

"अहो, मान धरेल," आई म्हणाली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"शब्दकोड्याची उत्तरं बघतोय. उलटी लावलीत तुम्ही. यंत्र फिरवलं की पानही फिरतं, उत्तरं उलटीच राहतात. म्हटलं, आता आपणच फिरावं."

मी कपाळावर हात मारला. कुणी आधीच बघू नये म्हणून उत्तरं कोड्याखाली उलटी छापायची, ही आमची जुनी पद्धत. कागद फिरवला की झालं. पण हे यंत्र कसंही धरा, पान आपोआप सरळ होतं, म्हणजे उत्तरं जन्मभर उलटीच. चार बैठका झाल्या, अकरा माणसं बसली, सगळी कामात मुरलेली, पण एकाच्याही लक्षात आलं नाही. आणि पान लावलं होतं मीच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोडं तर शेवटच्या पानावर होतं.

"बाबा, कोडं सोडवलंत तुम्ही?"

"आधी अग्रलेख वाचला. बरा आहे, लांबलाय. पुलाची बातमी दोन पानांवर दोनदा आलीये."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. आईनं त्यांना उठवून बसवलं. चेहरा लालबुंद झाला होता, पण इतके खूश बाबा मी दोन वर्षांत पाहिले नव्हते.

"तपासायला कुणी ठेवलंय की नाही?"

"या अंकाला नाही अजून."

"दिसतंच आहे. उद्यापासून आधी माझ्याकडे पाठवत जा." मग यंत्राकडे बघत, जरा हळू आवाजात म्हणाले, "अक्षर मात्र एवढंच ठेव. याहून लहान मला दिसत नाही."