मनगटापर्यंत न पोचलेले ठोके

लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही भरलं नव्हतं. कचेऱ्यांतल्या कागदांवर उस्मानाबादचं नाव खोडून वर लातूर लिहीत होते. विहिरींना कुठला आलाय जिल्हा, त्या दोन्ही नावांनी कोरड्याच. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं, आणि जळकोटच्या वरच्या माळावर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं. गडी खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. पाणी नव्हतंच, तरी त्याच्यासाठी बांध चढत होता.

त्या बांधावर मे महिन्यात एक पोरगी आली. तिच्या गळ्यात नळी होती, हातात वही आणि मनगटाला गड्याचं घड्याळ. पंचशीला तिचं नाव. मुखेडकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतली, सरकारी मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकणारी. तिची मावशी कोंडाबाई या कामावर पाट्या वाहत होती, म्हणून उतरायला घर होतं. महिनाअखेरीला नांदेडला विद्यार्थ्यांचं विज्ञान संमेलन भरायचं होतं आणि तिथं पंचशीलाला निबंध वाचायचा होता. अर्ध्या पोटी, रणरणत्या उन्हात ओझं वाहणाऱ्या बाईचं हृदय किती धावतं आणि बसल्यावर किती वेळात थाऱ्यावर येतं, हा तिचा विषय. पुस्तकातले सगळे आकडे परदेशातल्या धष्टपुष्ट शिपायांचे होते. आपल्या मावशीच्या काळजाचा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही, हे तिला पहिल्या वर्षापासून सलत होतं.

बाया आधी लाजल्या. मग त्यांना त्याची गंमत वाटू लागली. पाटी टाकून आली की बाई बाभळीखाली बसायची, पंचशीला छातीला नळी लावून ठोके मोजायची, पाच मिनिटांनी पुन्हा मोजायची. कुणाचे एकशे तीस, कुणाचे एकशे चाळीस. साखराबाई म्हणायची, नवऱ्याचे बी मोज गं, त्याला काळीज हाय का तेवढं तरी कळंल.

गुरम्मा तेवढी वेगळी निघाली. ती तिशीतली, उंच, मोजकंच बोलणारी लिंगायत बाई. तिचं माहेर कर्नाटकाकडचं. ती खालीच बसून फावड्यानं पाट्या भरून द्यायची, बांध फारसा चढायची नाही. पहिल्या दिवशी पंचशीलानं नळी पुढं केली, तेव्हा गुरम्माचा हात छातीवर आडवा गेला. पदराखाली, बरोबर काळजावर, चांदीच्या डबीत लिंग लटकत होतं. जन्मापासून मरेपर्यंत अंगावेगळं न करायचं ते लिंग. पंचशीलाची बोटं जागच्या जागी थिजली. तिची आजी आडापासून दहा पावलं लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतील म्हणून. आजी जाऊन वर्षं झाली होती, पण ती दहा पावलं नातीच्या बोटांत कशी उतरली होती कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "अक्का, मनगट द्या. तेवढ्यानं भागतं."

मनगटावर तिनं अर्धा मिनिट मोजलं आणि दुप्पट केलं. ठोके मधूनच निसटल्यासारखे लागत होते. आपलंच बोट घामानं सरकतंय, असं तिला वाटलं. आकडा आला अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन पाट्या वर नेऊन टाकायला लावून मोजलं, तरी ऐंशी. बाकीच्या बाया धापा टाकत एकशे चाळीसवर, आणि ही ऐंशीवर! पंचशीलानं वहीत त्या नावापुढं चांदणी काढली. हरखून तिनं सगळ्यांदेखत सांगितलंही, की कामावरच्या चाळीस बायांत गुरम्माअक्काचं काळीज सगळ्यात मजबूत.

बायांच्या तोंडात गोष्ट पडली की तिची ओवी व्हायला कितीसा वेळ लागतो!

गुरम्माचं काळीज बाई, काळ्या पाषाणाचं
डाक्तरीणबाईच्या वहीत, नाव तिच्या मानाचं

बांधावरून खाली, खालून वर, दिवसभर ती ओवी फिरली. गुरम्मा लाजून हसली, आणि त्या हसण्यात तिनं ती ओवी अंगावर घेतली. कामावरचा मुकादम नरसिंग मनानं वाईट नव्हता. बांधाच्या तोंडाला लावायचे दगड वर न्यायला त्याला माणसं कमी पडत होती. तो म्हणाला, एवढं दणकट काळीज खाली बसवून काय करू? गुरम्मा नाही म्हणाली नाही. नाव झालेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. दुसऱ्या सकाळी तिच्या डोक्यावर पाटीऐवजी दगड आला. त्याच दुपारी पंचशीला वही गुंडाळून निघून गेली.

संमेलनाच्या आदल्या दिवशी नांदेडला पोरं जमली. हत्ते सर, शरीरक्रिया शिकवणारे तिचे शिक्षक, पंचशीलाला एका रिकाम्या वर्गात बसवून तिचा निबंध शेवटचा ऐकत होते. ते स्वतः उदगीरकडचे लिंगायत, बोलायला फटकळ, पण शिकवण्यात जीव ओतणारे. चांदणीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. या एकाच बाईपुढं मनगट का लिहिलंय, छाती का नाही, असं त्यांनी विचारलं. पंचशीलानं खाली मान घालून खरं ते सांगितलं.

 सरांनी सदऱ्यातून आपलं लिंग वर काढलं, मुठीत धरलं आणि म्हणाले, "हे असं बाजूला धरता येतं. हातात धरलेलं लिंग अंगावेगळं होत नाही. नुसतं विचारायचं होतंस."

मग त्यांनी खडू घेतला. हृदयाची एक झडप लहानपणच्या सांधेदुखीच्या तापानं आतून चिकटते, हे पंचशीलानं वाचलं होतं. पुढं ते हृदय बेताल, वेड्यासारखं धावू लागतं, हेही वाचलं होतं. पण असं धावणारं हृदय दोन ठोक्यांच्या मधे भरतच नाही, रिकामंच आवळतं आणि असा रिकामा ठोका मनगटापर्यंत पोचत नाही, हे तिच्या डोळ्यांपुढं आत्ता उभं राहिलं. सर म्हणाले, "छातीत दीडशे, मनगटावर ऐंशी. मनगट खोटं बोललं नाही पोरी. त्याला निरोप मिळाला तेवढाच त्यानं सांगितला. अर्थात, हे असेलच असं नाही. ऐकल्याशिवाय कोण सांगणार?"

तिला एकेक आठवू लागलं. कोंडामावशी सहज बोलून गेली होती की गुरम्मा भिंतीला टेकून बसूनच झोपते. ती खाली बसून पाट्या भरायची ती आळसानं नव्हे, दम लागायचा म्हणून. संध्याकाळी पाय सुजून तिची जोडवी बोटांत रुतायची. हे सगळं डोळ्यांपुढं असून तिनं बघितलं नव्हतं, कारण वहीत आकडा चांगला होता. आणि मग दगड आठवला. आज आठवा दिवस.

निबंध उद्या अकराला होता. त्यातून एक जण मुंबईच्या मोठ्या परिषदेसाठी निवडला जाणार होता आणि ते नाव कुणाचं, हे सगळे आतल्या आत जाणून होते. सरांनी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. ती उठली तेव्हा एवढंच बोलले, की तुझा निबंध मी वाचणार नाही, तुझी वेळ रिकामी राहील. दुपारच्या एसटीनं ती मुखेडला गेली, रात्र आईजवळ काढली आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं जळकोटला उतरली.

माळावर पोचली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बांधाच्या अर्ध्यावर गुरम्मा उभी होती, डोक्यावर दगड, ओठ जांभळागत निळे. चालत नव्हती, पण दगडही टाकत नव्हती. पंचशीला चढावर धावली आणि तिनं वरच्या वर दगड उचलून खाली टाकला. तो गडगडत पायथ्याशी गेला. नरसिंग मुकादम ओरडत आला, पण गुरम्माचे ओठ बघून त्यानं वाट करून दिली.

बाभळीखाली बसवल्यावर गुरम्मा श्वास जुळवीत म्हणाली, "का गं बाय, पुन्यांदा आलीस?"

"अक्का, मला तुमची छाती ऐकायचीय. लिंग तुमीच हातात धरा. मी हात न्हाई लावत."

गुरम्मानं विचारलं, "मंग त्या दिशी का न्हाई बोललीस?"

"तुमी हात आडवा घातला. मला वाटलं, माझा हात नको तुमाला."

"आगं, नळी लोखंडाची. लिंगाला लागंल म्हून धरलं." गुरम्माला पुढं बोलवेना. जरा थांबून म्हणाली, "तू मागं सरलीस, तवा मला वाटलं, डाक्तरीण झाली, आता आमच्या घामाची किळस येती."

तिनं डबी मुठीत घेतली आणि पदर सारला.

पण एकट्यानं दोन्हीकडं मोजता येत नाही. छाती आणि मनगट एकाच मिनिटात मोजायला दोन माणसं लागतात. पंचशीलानं कोंडाबाईला बोलावलं. कोंडाबाईला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. तिनं ओटीत बारकी खडी भरून घेतली, पुढ्यात भाकरीची पितळी ठेवली, गुरम्माच्या मनगटावर डाव्या हाताची बोटं ठेवली आणि म्हणाली, "लागला की एक खडा टाकते. मोज तू नंतर." बाया भोवती जमल्या. ओवी थांबली. घड्याळाचा काटा फिरू लागला आणि पितळीत खडे पडू लागले. एक, मग दोन लागोपाठ, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक. आणि नळीतून पंचशीलाच्या कानात वेगळाच कल्लोळ येत होता. दावं तुटलेल्या जनावराच्या टापा असाव्यात तसा, ताल नाही, विसावा नाही. मधूनच एक खोल गुरगुर.

"थांब मावशी."

छातीत एकशे बावन्न. पितळीतले खडे साखराबाईनं दहा-दहाचे ढीग घालून मोजले. ब्याऐंशी. सत्तर ठोके वाटेतच हरवले होते.

पंचशीला उठून उभी राहिली. जे चारचौघींत बोलली होती ते चारचौघींतच मागं घ्यावं लागणार होतं. नांदेडला याच सुमाराला तिची वेळ रिकामी जात असेल. तिनं सांगितलं, की मी गुरम्माअक्काचं काळीज सगळ्यात मजबूत म्हटलं ते चूक होतं. ते सगळ्यात थकलेलं आहे. मी निम्मंच मोजलं आणि त्यावर नाव दिलं, आणि माझ्या शब्दावर त्यांच्या डोक्यावर दगड चढला.  नरसिंगनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

साखराबाईनं शेवटी विचारलं, "मंग आमचे तरी खरे लिवले का?"

नांदेडच्या परीक्षकांनीही याहून अवघड काही विचारलं नसतं. तिनं प्रत्येकीचं नाव घेऊन सांगितलं, की तुमची छाती मी ऐकलीय. पण पुन्हा ऐकते, यावेळी मनगटासकट. त्या दिवशी दिवस कलेपर्यंत ती मोजत राहिली आणि कोंडाबाई खडे टाकत राहिली.

गुरम्माला मात्र त्याच तासाला तिच्या नवऱ्यानं, माणिकप्पानं, मिळेल त्या जीपमधून उदगीरला नेलं. तिथून हत्ते सरांच्या चिठ्ठीनं पुढं दूरच्या मोठ्या दवाखान्यात. आधी औषधांनी ते वेडं हृदय आवरावं लागलं, त्यातच पावसाळा सरला. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. शल्यवैद्यानं धडधडत्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी केली. गुरम्मा जगली. पण हृदयातली एक बारीक गुठळी सुटून मेंदूकडं गेली होती आणि तिचा डावा हात कायमचा हलका, ऐकेनासा झाला. हे दुखणं जुनंच होतं, गुठळी कधी धरली कोण सांगणार, असं डॉक्टर म्हणाले. पंचशीलाला ते ऐकून सुटका वाटली नाही.

संक्रांतीच्या सुमाराला ती जळकोटला गेली. गुरम्मा दारात उन्हाला बसली होती, उजव्या हातानं तूर निवडत. रात्री आडवं पडून झोप लागते, म्हणाली. लग्न झाल्यापासून एवढं आडवं कधी पडले नव्हते. पंचशीलानं नळी काढली. गुरम्मानं न सांगता लिंग मुठीत धरलं. ताल अजून चुकत होता, पण आता दोन ठोक्यांच्या मधे जागा होती.

ऐकून झाल्यावर पंचशीला तिथंच बसून राहिली. मनात साचलेलं विचारायचं होतं, ते गुरम्मानंच काढलं.

"त्या नऊ दिसांनी गेला का गं ह्यो हात?"

पंचशीलानं खूप पुस्तकं चाळली होती, दोन सर्जनांना विचारलं होतं. तिनं डोळे वर केले.

"मला ठाऊक न्हाई, अक्का."

गुरम्मानं सुपातला एक खडा वेचला, बाजूला टाकला.

"बरं हाय," ती म्हणाली. "त्या वक्ताला तुला लई ठाऊक हुतं."

आणि तिनं सूप तिच्यापुढं सरकवलं, एका हातानं निवडायला वेळ लागतो म्हणून.