तिसऱ्या सर्व्हरवरची जुनी प्रोसेस

दुपारी तीन वाजता अक्कानं चारही सर्व्हरांवर नवा कोड चढवला, एकही सर्व्हर बंद न करता. ग्रुपवर एकच शब्द टाकला: "झालं."

तो वाचून व्यवस्थापकांनी सगळ्या दवाखान्यांना संदेश धाडला: डोसचे आकडे आता बरोबर आहेत, निर्धास्त वापरा.

चूक सकाळी सापडली होती. लांबच्या, डॉक्टर नसलेल्या दवाखान्यांत नर्स मुलाचं वजन टाकते आणि पडद्यावर झटक्यांच्या औषधाचा डोस येतो. तो दुप्पट येत होता. सर्व्हर बंद करून चालू केले असते तर काम तिथल्या तिथे मिटलं असतं. पण याच सर्व्हरांवरून नर्स डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलतात आणि चालू बोलणं तोडायचं नाही, हा या ऑफिसचा पहिला नियम. म्हणून कोडही पाळी बदलावी तसा बदलायचा. नवी माणसं काउंटरवर बसतात, जुन्यांनी हातातलं गिऱ्हाईक उरकून घरी जायचं. किती वेळात, ते कुणी ठरवलेलं नाही.

जुने गेलेच असतील, असं अक्का धरून चालली होती. चहा ओतून घेता घेता तिनं सहज पडदा पाहिला. तिसऱ्या सर्व्हरवर एक जुनी प्रोसेस, म्हणजे जुन्या कोडची चालू प्रत, जिवंत होती. तिला सात जण जोडलेले. कप तिथेच ठेवून अक्का व्यवस्थापकांच्या टेबलाशी धावली.

"साहेब, तो मेसेज मागे घ्या!"

"मागे? आत्ता तर सगळ्यांनी वाचल्याचे अंगठे टाकले."

"ज्यांची पानं आधीपासून उघडी आहेत, त्यांना अजून जुनाच डोस दिसतोय. सहा दवाखाने, आणि सातवं एक व्हिडिओवरचं बोलणं."

"मग 'झालं' कशाला लिहिलंस?"

"नव्यानं येणाऱ्यांसाठी झालं होतं."

"अगं बाई, मला काय कळतंय त्यातलं? झालं म्हणजे झालं, एवढंच मला कळतं!"

तंडायला वेळ नव्हता. व्यवस्थापकांनी दुसरा संदेश पाठवला, अक्कानं फोन लावायला घेतले. पाच ठिकाणच्या नर्सनी फोन उचलला, पान बंद केलं. सहावा दवाखाना टेकडीपलीकडचा. पहिल्या संदेशाला तिथून अंगठा आला होता; दुसरा तिथे कुणी उघडलाही नव्हता. फोन वाजत राहिला.

प्रोसेसला आता दोघेच जोडलेले होते. एक टेकडीपलीकडचं पान, दुसरं काचेच्या केबिनमधलं बोलणं. तिथे कानाला हेडफोन लावून डॉक्टरीणबाई एका नर्सला बाळंतपण सांगत होत्या. अक्का दारात जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी मान न वळवता हात वर केला.

"ओढू नकोस गं! खांदा अडकलाय. तिचे गुडघे छातीशी घे. घाबरतेस काय, मी आहे ना?"

"बाई, एक मिनिट लाइन तोडली तर?" अक्कानं विचारलं.

"तिचे दोन्ही हात गुंतलेत. परत जोडायला कोण, तू जाणार आहेस?"

अक्का धावत जागेवर आली.

"दोघांतला एकच तोड की," व्यवस्थापक म्हणाले.

"दोघेही पुढच्या एकाच दारातून येतात, साहेब. नोंदीत दवाखान्याचं नाव येतं, पण कुठली जोडणी कुणाची, ते मला इथून ओळखता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अंदाजानं तोडायचं. चुकलं तर ते बाळ..."

व्यवस्थापकांनी टाय सैल केला. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "देवा रे. तुला वाटतं ते कर बाई, मी आड येणार नाही."

ते ऐकून अक्काला आणखीच एकटं वाटलं. तिनं तोडण्याची आज्ञा टाइप केली, बोट एंटरवर नेलं आणि तसंच थांबवलं. दुसऱ्या हातात फोन होता, कानाशी नुसती रिंग. "उचल ना गं," ती पुटपुटली, "कुणीतरी उचला." केबिनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला, "आता हात आत घाल, आता!"

तेवढ्यात पडद्यावर जुन्या प्रोसेसची नवी नोंद उमटली. दवाखाना टेकडीपलीकडचा. वजन अकरा किलो. डोस दाखवला.

नर्सनं औषध दिलं की पुढची नोंद 'दिला' अशी येते. ती अजून आलेली नाही. फोन वाजतोच आहे.