पाण्यातली बाई

मुर्धा गावातल्या नाथाबाबांच्या दारात रविवारी लागणाऱ्या रांगेत हार-नारळ कमी आणि लघवीच्या बाटल्या जास्त. बाबा बाटली उन्हात धरायचे. केशरी-लाल रंग झळकला की आरोळी ठोकायचे, "बघा, कुंकू! डॉक्टर लोग पाणी बघतात, मी पाण्यातली बाई बघतो! घरातल्याच बाईची करणी, उतरतेय!"

लोक हात जोडायचे. बाटलीलाच.

आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या शेजारणीनं, तुळसाबाईंनी, सून मानसीला तिथं नेलं. मानसीला ल्युपस. सांधे दुखायचेच, अलीकडे घडीघडी लघवीला जावं लागायचं, तेही जळजळत. बाबांनी पुड्या दिल्या आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद करवल्या. दुसऱ्याच दिवशी जळजळ थांबली, कुंकू उतरलं! तुळसाबाईंनी मजलाभर पेढे वाटले. मीही खाल्ले. पेढा तोंडात असताना शंका कोण काढतो?

पुढे मानसीचा चेहरा सुजला, पाय सुजले. तुळसाबाई मात्र सुनेच्या नजरेला नजर देईनात. शेवटी डॉक्टर निशिगंधांकडे नेलं, सोबत मी गेले.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

तुळसाबाई रडायलाच लागल्या. "मॅडम, ती बाई मीच!"

"कुठली बाई?"

"पाण्यातली. हिच्या पुडीतलं थोडं उरलेलं. प्रसाद टाकायचा कसा, म्हणून मी खाल्ला. तर माझंपण कुंकू! मी हिच्यावर चिडायचे ना, तीच करणी लागली."

"आई, काहीही काय!" मानसी म्हणाली.

डॉक्टरांनी उरलेल्या पुड्यांतली एक मागितली. ड्रॉवरमधली एक गोळी कुटली, दोन्ही पाण्यात टाकल्या. दोन्ही ग्लासांत तेच कुंकू. पुढे पुडीच्या तपासणीतही तेच निघालं.

"जळजळ बधिर करणारी गोळी आहे ही. खाईल त्याची लघवी लाल. बाबांनी खाल्ली तर बाबांचीही! ल्युपसमध्ये अंगाची राखण करणारी फौज घरच्यांवरच उलटते. सांधे, लघवीची पिशवी, मूत्रपिंडं, कुणालाच सोडत नाही. त्या फौजेला आवरणाऱ्या गोळ्या तुम्ही थांबवल्यात."

डॉक्टर 'घरच्यांवरच' म्हणाल्या, तेव्हा तुळसाबाईंनी मान खाली घातली.

मूत्रपिंडांचं जे गेलं, ते सगळं परत येणार नाही म्हणे. आता रोज सकाळी तुळसाबाई गोळी आणि पाणी घेऊन उभ्या असतात.

"आई, बसा ना."

"तू गिळ आधी."

चमत्काराला हात जोडण्याआधी एवढंच विचारा : हीच पुडी धडधाकट माणसानं खाल्ली तर? तुळसाबाईंच्या तर पोटातच उत्तर होतं, पण त्या बोलायला घाबरल्या.

आणि मी विचारलं नाही. माझ्या तोंडात पेढा होता.